क्वेनबींच्या नावची जागा

७ मे
चर्चच्या आवारात कबरीसाठी आता एकच जागा उरली — पाद्रीणबाई जोन यांनी आज स्वतः टेपने मोजून सांगितलं. गावसमितीचा जुना ठराव आहे: शेवटची जागा सर्वांत जुन्या घराण्याला. म्हणजे ऑड्री क्वेनबी, वय शहाऐंशी. जागा नेमकी त्यांच्या नवऱ्याच्या कबरीशेजारी. ऑड्रीबाईंनी तिथे फुलझाडंही लावून ठेवलीत!

९ मे
चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढली म्हणून गावाचा इतिहास लिहिणं माझ्या गळ्यात. ऑड्रीबाई बजावून गेल्या, "पहिलं प्रकरण क्वेनबींचं. बाकीचे मागाहून आले." मी इथे एकतीस वर्षं राहतोय. त्यांच्या लेखी अजून "ते नवे शेजारी".

१३ मे
घोळ! चर्चच्या पेटीत १७९४ चा हुकूम सापडला. जॉब क्वेनबी, बायको, चार पोरं — या गावचे नव्हेत, खायला महाग झालेत, मूळ गावी धाडावेत. गाडीत घालून हद्दीपार! नातू पुढे पैसेवाला होऊन परतला, एवढंच. गरिबांना पोसायचं काम तेव्हा चर्चकडे, म्हणून हुकमावर सही चर्चच्या कारभाऱ्याची — गार्लिक. गार्लिक मंडळी चर्चच्या नोंदवहीत १५७१ पासून. आज उरलाय एकटा लेन, घरोघरी मैल्याच्या टाक्या उपसणारा. म्हणजे ठरावाप्रमाणे जागा त्याची!

१४ मे
समितीची तातडीची बैठक. अडीच तास. पैकी एक बिस्किटांवर. कर्नल हॅडो म्हणाले, "त्या काळी कुणीही काहीही लिहायचं हो!"

१५ मे
लेनला सांगितलं. हसता हसता ठसका लागला त्याला. "मला कशाला जागा? माझी राख नदीत सोडा." मग डोळे पुसून म्हणाला, "देईन की म्हातारीला. पण मागायला तिने यावं. माझ्या घरी, पुढच्या दाराने. तीस वर्षं मी तिच्याकडे मागच्या दाराने जातोय."
हे बाईंना कोण सांगणार? समितीचा निर्णय एकमताने — नव्या माणसाने.

१७ मे
सांगितलं. ऑड्रीबाई उठल्या. कपाटातून एक कागद काढून पुढ्यात ठेवला. तोच हुकूम — दुसरी प्रत!
"सासूबाईंनी लग्नाच्या दिवशी दिला. कुणाला दाखवू नकोस म्हणाल्या. बासष्ट वर्षं सांभाळला. आता छापा." मग दारापर्यंत आल्या. "मिस्टर गार्लिकना लिंबाचा केक चालतो का हो?"
उद्या चार वाजता त्या लेनकडे जाणार. अर्धा गाव नेमका चारलाच त्याच्या घरावरून कुत्री फिरवणार आहे.