डोळ्याजवळचा पिवळा दाणा

लिहून ठेवणार उकंडराव वल्द शेषराव जवरे, वय वर्षे साठ, धंदा शेती व कापसाची आडत, राहणार धामणगाव बढे, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड. मी हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. चित्त ठिकाणावर आहे. छातीबद्दल मात्र खात्री देता येत नाही. मलकापूरच्या वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात माझ्या मनातले काहीच उतरले नव्हते, म्हणून आज ते शेजारी बसले आहेत आणि लिहितो आहे मीच. माझ्यामागे हा कागद घरच्या सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. चिरंजीव शालिग्राम रागाने उठू लागला तर दाराला कडी घालावी.

कलम पहिले. वडिलार्जित जमिनीला मी हात लावत नाही, ती कायद्याने जाईल तशी जाईल. माझ्या कष्टाची मिळकत म्हणजे बाजारगल्लीतले घर, आडतीचे दुकान आणि विहिरीचे शेत. हे तिन्ही माझा एकुलता मुलगा शालिग्राम यास देत आहे. त्याने ते पुष्कळ वर्षे भोगावे एवढीच माझी इच्छा आहे, आणि या कागदातली बाकीची सगळी कलमे त्याच इच्छेपोटी लिहिली आहेत. समोर बोललो की तो भडकतो. कागदावर भडकून काय करील?

कलम दुसरे, तुपाच्या चरवीबद्दल. आमच्या घरात एक पितळी चरवी आहे. लग्न होऊन आलेल्या मुलाने पहिल्या पंक्तीत त्या चरवीतले वाटीभर तूप सगळ्यांदेखत एका दमात प्यायचे, अशी जवऱ्यांची चाल आहे. माझे आजोबा प्यायले, वडील प्यायले, मी आणि धाकटा भाऊ भगवानराव प्यायलो, शालिग्राम दोन वाट्या प्यायला आणि पंक्तीने टाळ्या वाजवल्या. आमच्या घरातल्या पुरुषांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यापाशी, पापणीवर, पिवळा दाणा उठतो. त्याला आम्ही लक्ष्मीचा दाणा म्हणत आलो. खाल्लेले तूप अंगी लागले, त्याची ती खूण. सोयरीक जमवताना मुलीकडची माणसे आधी आमच्या डोळ्यांकडे पाहत. सून मनकर्णा हिचे वडील शालिग्रामला पाहायला आले तेव्हा दाणा पाहूनच त्यांनी सुपारी फोडली. बिचाऱ्यांना काय माहीत! आम्हाला तरी कुठे माहीत होते?

वडील शेषराव ऐन पन्नाशीच्या अलीकडे, बैल सोडता सोडता बसले ते उठलेच नाहीत. भगवानराव खळ्यावर छाती धरून खाली बसला. आई म्हणाली, वायू धरला असेल. तिने गरम तुपात हिंग घालून पाजले आणि तो तिच्या मांडीवरच गेला. दोघांच्याही डोळ्यांपाशी दाणे होते. आम्ही म्हणालो, नजर लागली. ही चरवी कासाराला मोडीत घालावी. तिची घंटा करू नये, समई करू नये, आठवण म्हणूनही ठेवू नये.

कलम तिसरे, पत्नी अन्नपूर्णाबाई हिच्याविषयी. तिला घरात हयातभर राहण्याचा हक्क आहे आणि विहिरीच्या शेतातून तिचा खर्च चालावा. दागिने तिचेच आहेत. याखेरीज मी तिला एक गोष्ट लेखी देत आहे, ती देण्यासाठी आधी घडलेले सांगावे लागेल.

शालिग्रामच्या टाचेमागच्या शिरेवर गाठ आली आणि वहाण घासू लागली, म्हणून तो बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी गाठ पाहिली, पापणी पाहिली, आणि घरात कोण कसे गेले ते विचारले. मग त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायला पाठवले. तिथे निघताना अन्नपूर्णेने त्याला पोटभर जेवू घातले. आमच्या घरातून प्रवासाला निघणारा माणूस उपाशी उंबरा ओलांडत नाही, आणि वर शिदोरी नेतो ती वेगळीच. ती त्याने दवाखान्याच्या ओसरीवर बसून संपवली आणि मग रक्त दिले. परीक्षेचा निकाल वाईट आला. रक्तात मेणासारखा एक पदार्थ असतो, त्याला डॉक्टर कोलेस्टेरॉल म्हणतात. तो याच्यात चारचौघांपेक्षा फार जास्त निघाला. तोच पापणीवर साठतो, टाचेवर साठतो, आणि काळजाच्या नळ्यांतही साठतो.

शालिग्राम घरी येऊन हसला. म्हणाला, "मायनं भाकरीवर तूप वाढलं, ते रगतात उतरलं. त्यात काय एवढं?" अन्नपूर्णेने लगेच ते उचलले. "हाव, माह्यीच चूक झाली. उपाशी लेकराले उंबऱ्याभाईर कशी जाऊ देऊ मी?" त्या दिवसापासून भेटेल त्याला ती हेच सांगू लागली. मला आधी वाटले, हिला पस्तावा झाला आहे. मग लक्षात आले की तिला तो दोष हवाच होता. दोष तिच्या जेवणाचा असेल तर मुलाचे रक्त चांगले. ती आनंदाने गुन्हेगार व्हायला तयार होती. तिचे भाऊ देऊळघाटचे महादेवराव यांनीही री ओढली, "भाऊजी, जेवल्यावर सगळ्याईचंच रगत तसं होते. डॉक्टर लोकाईले काय समजते?"

मला हे खोडून काढायचे नव्हते. खरे तर ते खरे निघावे म्हणूनच मी नागपूरला गेलो. डॉक्टरांना म्हणालो, माझ्याही डोळ्यांपाशी दाणे आहेत, माझे रक्त उपाशीपोटी घ्या आणि मग जेवून आल्यावर घ्या. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी मला वेडा ठरवले नाही. आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याखेरीज काही घेतले नाही. सकाळी रक्त दिले. मग दवाखान्याच्या झाडाखाली अन्नपूर्णेची शिदोरी सोडली. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, त्यावर नेहमीएवढे तूप, जवसाची चटणी, कांदा. रोजचे जेवतो तेवढेच जेवलो, कमी नाही की जास्त नाही. दुपार कलल्यावर पुन्हा रक्त दिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला नळ्या दाखवल्या. रक्त ठेवून दिले की लाल खाली बसते आणि वर पाणी सुटते. उपाशीपोटीच्या नळीतले पाणी स्वच्छ होते. जेवल्यानंतरच्या नळीतले गढूळ होते, ताकाच्या निवळीसारखे. माझा जीव भांड्यात पडला. म्हणालो, बघा, जेवणाने फरक पडतो की! ते म्हणाले, "हा गढूळपणा जेवणातल्या तुपातेलाचा आहे. काही तासांत तो आपोआप निवळतो, सगळ्यांचाच निवळतो. आपण शोधतो आहोत ते मेण असं डोळ्यांना दिसत नाही." मग त्यांनी त्या पाण्यातले मेण वेगळे काढून त्यावर औषध टाकलेल्या नळ्या पुढे केल्या. मेण जितके जास्त तितका हिरवा रंग गडद होतो. दवाखान्यातल्या एका निरोगी माणसाची नळी फिकट होती. माझ्या दोन्ही नळ्या गडद हिरव्या होत्या. मी त्या खिडकीशी नेल्या, अदलाबदल करून पाहिल्या. उपाशी कोणती आणि जेवलेली कोणती, मला सांगता येईना.

म्हणून मी अन्नपूर्णेला लेखी देतो की तिच्या त्या दिवसाच्या ताटाने काही झालेले नाही. माझ्या आईने भगवानरावाला पाजलेल्या वाटीनेही काही झालेले नव्हते. साध्या एका जेवणाने ते मेण फारसे वाढत नाही आणि एका उपासाने उतरत नाही. ते जवऱ्यांच्या रक्तातूनच आले आहे, माझ्याकडून आले आहे. अन्नपूर्णा निर्दोष आहे. हे ऐकून ती रडेल हे मला ठाऊक आहे, कारण नागपूरहून येऊन हेच सांगितले तेव्हा ती चुलीपुढे बसून रडली होती.

कलम चौथे. त्या दिवशी शालिग्राम ताटावर होता. मी सांगत गेलो, तो ऐकत गेला. "दोनी नळ्या सारख्याच?" एवढेच त्याने विचारले. मी हो म्हणालो. त्याने तुपाची वाटी उचलून भाकरीवर पालथी केली. "मंग काय खाऊ नं काय नाई, सारखंच हाये नं बाबा! मले काऊन भेव दाखवता?" तेव्हापासून तो मुद्दाम जास्त खातो, माझ्याकडे पाहत खातो. त्याला लेखी उत्तर असे की, एका जेवणाचा हिशेब नाही, पण वर्षानुवर्षांच्या जेवणाचा आहे, असे डॉक्टरांना वाटते. त्यावर औषध नाही. तूप, खवा, मटण कमी केले तर रंग थोडा फिका होईल, किती होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. मी साठीला कसा पोचलो तेही त्यांना सांगता आले नाही. शालिग्राम, खात्री कोणीच देत नाही. पण थोडा फिका झाला तरी तो तुझा आहे, तो घे.

कलम पाचवे. तिन्ही म्हशी मेव्हणे महादेवराव यांना देत आहे. प्रत्येक लग्नात तुपाचे भांडे घेऊन ते पंक्तीत फिरतात आणि पुढे धरलेल्या हातावरसुद्धा धार सोडतात. माझ्या मुलाला "मर्द असशील तं घेशील" म्हणून चिडवणारे तेच. त्यांच्या घरात सगळे नव्वदीला जातात, म्हशी तिथेच शोभतील. त्यांच्याकडून दह्यादुधाचा, खव्याचा एकही डबा या घरी येऊ नये. आला तर म्हशी परत मागण्याचा अधिकार शालिग्रामला आहे.

कलम सहावे. माझ्या तेरवीला रोजचे जेवण करावे: भाकरी, वरण, वांग्याची भाजी. गाव नावे ठेवील, ठेवू द्यावीत. आग्रह करणाऱ्याला हात धरून पंक्तीतून उठवावे, मग तो कितीही मोठा असो.

इथवर लिहून मी सही करणार होतो. वकीलसाहेब म्हणाले, एक कलम राहिले, ते प्रत्येक मृत्युपत्रात असते. शालिग्रामराव तुमच्या आधी गेले तर मिळकत कोणाला? त्यांनी ते सहज विचारले, त्यांचे ते रोजचे काम आहे. मी म्हणालो, असले काही मी लिहिणार नाही. ते म्हणाले, लिहिले नाही तर पुढे भांडणे होतील. मी टाक खाली ठेवला. शालिग्राम समोर भिंतीला टेकून बसला होता, नेहमीसारखा हसतमुख. अन्नपूर्णा दारात उभी होती. मग शालिग्रामच म्हणाला, "लिवा बाबा. मनकर्णेचं नाव लिवा."

मी म्हणालो, "काही गरज नाही."

"हाये गरज," तो म्हणाला. त्याचे हसू गेले होते. "अन् तिले जे लेकरू होईन, त्याच्या रगताची परीक्षा लहानपनीच करजा. माह्यासारखा उशीर नोका करू."

कलम सातवे. मुलगा शालिग्राम माझ्या आधी मरण पावल्यास कलम पहिल्यातील सर्व मिळकत त्याची पत्नी मनकर्णाबाई हिला मिळावी. हे कलम त्याने सांगितले म्हणून लिहिले. त्याने मानावे म्हणून एवढे महिने झगडलो, आज त्याने मानले, आणि माझ्याने त्याच्याकडे पाहवत नाही.

सदर कागदात खाडाखोड नाही. सातव्या कलमातले अक्षर हललेले आहे. ते दुसऱ्या कोणाचे समजू नये. ते माझेच आहे.

सही: उकंडराव शेषराव जवरे

आम्हा दोघांसमक्ष लिहिणाराने वाचून सही केली, आणि त्याच्यासमक्ष आम्ही केली.
साक्षीदार: नारायणराव सोनाजी घाटे, राहणार धामणगाव बढे
साक्षीदार: पंजाबराव गोविंदा इंगळे, राहणार धामणगाव बढे

मुक्काम धामणगाव बढे, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी, शके १८७१, रविवार, तारीख ४ डिसेंबर १९४९.