मान म्हणायचं की नोकरी

३ मार्च
चार दिवस काही लिहिलं नाही, माफी असावी. कोणाची मागतो? मीच लिहितो, मीच वाचतो. पण कारवारचं लिहायला हात धजत नव्हता.
तिथं कामगार खात्याच्या साहेबांपुढं आम्हा गाव पोलिसांची सुनावणी होती. दवंडी, समन्स, रानातल्या प्रेताची राखण, सगळं करतो, मिळतं मानधन. किमान वेतन द्या, सरकारी नोकर म्हणा, एवढंच मागणं. आमच्या गाव पोलीस संघाच्या परशुरामने पढवून नेलं होतं. साहेबांनी गोड विचारलं, "काका, हे काम तुमच्याकडं कसं आलं?"
मी फुशारलो. "आजापणजापासून, साहेब. जत्रेत पहिला नारळ आमचा. मान हाय तो."
त्यांनी लिहून घेतलं.
बाहेर परशुराम म्हणाला, "काका, मानाला पगार कोण देतो?"

५ मार्च
झोप नाही. बायको म्हणते, "एक नारळ, त्योबी खवट. त्याच्यापायी सगळं घालवलासा." आता रिटायर होतो म्हणालो, तर गुंद गावचा रामा, तोही गाव पोलीस, फोनवर हसला. "रिटायर व्हायला आदी नोकर व्हायला पायजे की!" हसला खरा. माझ्या बोलण्याने त्याचंही गेलं तर?

८ मार्च
कुंभारवाड्याच्या वर रानात कोणी परका मरून पडलेला. ठाण्यातून हवालदारांचा फोन. "प्रेताजवळ जाऊन बस, आम्ही येईपर्यंत हलू नको." अंगात कणकण होती. कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, "साहेब, मान म्हणून जाऊ का हुकूम म्हणून?"
"हुकूम! न्हाई गेलास तर उद्यापासून काढून टाकीन."
गेलो. डहाळी घेऊन कावळे हाकत बसलो. ऊन उतरलं तेव्हा जीप आली. बसल्या बसल्या एकच विचार. मानकऱ्याला कोण काढतो? काढतात ते नोकराला. मग मी...

९ मार्च
परशुरामला सांगितलं. तो उठून उभाच राहिला. "काका, हेच कारवारच्या साहेबांफुडं बोलशीला? हवालदार समोर असताना?"
"व्हय" म्हणालो. पण रोजचं काम त्याच ठाण्याशी.

१४ मार्च
माझी जबानी पुन्हा घेतील का, ते विचारायला परशुराम कारवारला गेलाय. फोन लागत नाही. काल हवालदार दारावरून गेले, नेहमी चहाला थांबतात, थांबले नाहीत. कोणी सांगितलं असेल का? बायको म्हणते, "आता बोलला न्हाईसा तर कवा बोलणार?" बोलेन. पण आज धीर आहे, आठ दिवसांनी असेल याचा भरवसा नाही. परशुराम, बाबा, घेतो म्हणाले का नाही म्हणाले, लवकर कळव. फोन नाही तर बसवाल्याकडे निरोप दे.