उसातलं चौथं लेकरू

ऊसतोडीचा तळ, कराडजवळ

माय, तुह्या पाया पडते.

आमी सारे मजेत हावो. दादा-वहिनी ऊस तोडाले जातात, मी त्यायचे तिन्ही लेकरं सांभाळते. धाकटी चंदा कोंबडीले चमच्यानं खिचडी भरवते, पाहून लय हासू येते.

काल दुपारी लपाछपी खेळलो. उसातून चौघायचं खिदळनं आयकू आलं. म्या हाक मारली, तं तिघंच भाईर आले.

"चौथं कोन हाय?" म्या विचारलं.

"ते पोरगी तुले लाजते," चंदा म्हने. "तिनं तुह्या मायचं नाव अन् गाव विचारलं. म्या सांगतलं."

आता लेकरायले उसाकडं जाऊ देत नाही. बाबाचा खोकला कमी झाला का?

अन् माय, दारातून एखाद्या लेकरानं तुले नावानं हाक मारली, तं ओ देऊ नको.

तुही लेक,
रंजीता