भिंतीचा चुना

बुधवार, दिवेलागण

कबऱ्या कोंबडीनं आजही मऊ अंडं दिलं. कवच नाहीच, नुसती ओलसर कातडी. ती सारखी भिंतीचा चुना टोचते म्हणून सासूबाई तिला हाकलत होत्या. हे मालेगावहून शिंपल्यांचा चुरा घेऊन आले. म्हणाले, "आई, काहून हाकलून राह्यली? तिले कवचासाठी चुना कमी पडते."

मूठभर चुरा हातात धरून मी बसूनच राहिले. समुद्र कधी पाहिला नाही. आता तो कोंबडीच्या पोटात जाईल आणि पांढराशुभ्र होऊन बाहेर येईल?

मग हात आपोआप माझ्या पोटावर गेला. सातवा महिना. त्याच भिंतीचे पोपडे मीही चोरून खाते, आणि दवाखान्यातल्या कॅल्शियमच्या गोळ्या पेटीत तशाच. मऊ अंडं अजून ताटलीत थरथरतंय. बाळा, तुझी हाडं मी कशाची करत होते?