मचाणापासून झेंडीपर्यंतची रेघ

डोणगाव,
ता. ४ फेब्रुवारी १९६४

तीर्थरूप बाबा,

जनकाचा नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे. तूर सोंगून झाली. पिंपळगाव राजाच्या बैलशर्यतीच्या पटावरही तुम्हीच पंच आहात असं कळलं. उन्हात टोपी घालत जा.

एक गणित सुटलं आहे, पण उत्तर आवडत नाही. म्हणून तपासायला धाडते.

रविवारी आपल्या शंकरपटात हिंमतरावांची आणि पुंजाजींची बैलजोडी बरोबरीनं आली. तुम्ही मचाणावरून ओरडलात, "हिंमतराव! फूटभरानं!" एवढ्या लांबून फूटभर कसं दिसतं, या कुतूहलानं मला चैन पडेना. काल रिकाम्या पटावर दोरी घेऊन गेले.

शेवटची रेघ हा एक अक्ष धरला, बैलांची धाव हा दुसरा. झेंडी रेघेवरच होती, ऐंशी फूट पलीकडे. मचाण मात्र रेघेच्या आठ फूट मागं, बैल जिथून सुटतात त्या बाजूला. तुमची नजर तिरपी गेली. कोन जेमतेम पावणेसहा अंश. हिंमतरावांची वाट मचाणापासून वीस फुटांवर, पुंजाजींची साठ फुटांवर. म्हणून तिरपी नजर एकाची वाट रेघेच्या सहा फूट आधी कापते, दुसऱ्याची दोनच फूट आधी. हिंमतरावांच्या बैलांनी झेंडी झाकली तेव्हा त्यांना रेघ सहा फूट दूर होती. पुंजाजींचे बैल तुम्हाला फूटभर मागं दिसले, म्हणजे त्यांना उरले होते तीन फूट. तेवढ्यात त्यांना गाठायला हिंमतरावांच्या जोडीला दुप्पट वेग हवा होता. उलट शेवटी पुंजाजींचीच जोडी जोरात होती. म्हणजे खरे जिंकले पुंजाजी.

एवढ्याशा कोनात चार फूट मावतात हे पाहून मी पटावर एकटीच हसले. त्या हसण्याची आता लाज वाटते.

कारण परतताना पुंजाजी दारात आपल्या जोडीतल्या ढवळ्याला धूत होते. म्हणाले, "शनिवारी बाजारात नेतो. शेवटी दबते लेकाचा. असा बैल काऊन पोसू?"

त्यांच्या कारभारीण पंचफुलाबाई आतून म्हणाल्या, "बैल नाही दबत, मालक दबते!"

मी कागद दाखवला. पुंजाजींनी तो उलटा धरला, मग सुलटा. "पोरी, तुहे बाबा, मास्तर, म्हनतीन तं मानतो. तुह्या कागदावर बैल ठेवू काय?"

पंचाचा शब्द पटावर फिरत नाही, हे मला ठाऊक आहे. गेली बारा वर्षं तुमचा एकही फिरला नाही.

मचाण मागं कसं गेलं, हे वर लिहिलं नाही. दोनदा लिहून खोडलं. उन्हानं तुमचे डोळे पाणावतात, म्हणून रविवारी सकाळी मीच ते बाभळीच्या सावलीला सरकवायला लावलं. गडी ऐकेनात, तेव्हा "बाबांनीच सांगितलंय," असं खोटं बोलले. झेंडी तिथूनही दिसत होती. तेवढ्यावर माझं समाधान झालं. मला शाळेत न धाडता तुम्ही अंगणात कोळशानं भूमिती शिकवलीत, आणि रेघ कुठून पाहायची तेच मी विसरले.

चूक तुमच्या डोळ्यांची नाही, माझी आहे. पण ती सुधारायला शब्द तुमचाच लागेल.

शनिवारी सकाळच्या पहिल्या मोटारीनं या. नाही आलात तर मी बाजारात जाऊन चारचौघांत सगळं सांगेन. तेव्हा तुमचं नाव घ्यावं लागेल. ते तुमच्या पाठीमागं घ्यायची मला भीती वाटते.

तुमच्याच शिकवणीनं अडचणीत आलेली,
जनका