पुढची खोली

छावणी, औरंगाबाद
१२ ऑक्टोबर २०१४

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरबाईंनी बापाला वहीच्या फाटक्या पानावर लिहावं, म्हणजे कमाल झाली. तुमच्या संस्थेत छापील कागद नाहीत का?

प्रस्तावाचा मसुदा वाचला. इकडचे म्हातारे रस्ता चुकतात, तो आजार, की गावंच ओळखू येईनाशी झाली म्हणून? प्रश्न मला पसंत आहे. परवा चिकलठाण्याला माझंही तसंच झालं. चिंच तोडलेली, विहीर बुजवलेली, समोर सात मजले. माणसानं वळायचं कुठं? मला तुझ्या दुसऱ्या गटात घाल.

सगळी नोकरी लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढण्यात गेली, म्हणून सांगतो. पानांना क्रमांक घाल. दिल्लीवाले तेवढ्यावरून परत पाठवतील.

मंजुरी आली की तीन वर्षं तू घरी राहून इथंच काम करणार, हे स्वयंपाकाच्या मनकर्णाबाईंना सांगून टाकलं आहे. पुढची खोली तुझी. नळाला पाणी आठवड्यानं येतं, बाकी क्षेम.

इकडचा लोभ तू गृहीत धरतेसच, धरत राहा.

तुझे बाबा

बंगळूर
३ फेब्रुवारी २०१५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

प्रस्ताव परत आला. पानांना क्रमांक होते. विसरणं हा मानसिक आरोग्याचा विषय की म्हातारपणाचा, हे ठरवून योग्य त्या विभागाकडे पाठवा म्हणतात. पुन्हा पाठवते आहे.

मनकर्णाबाईंचा फोन आला होता. चिकलठाण्याहून तुम्हाला रिक्षावाल्यानं आणून सोडलं, पण आधी तुम्ही त्याला गुलमंडीतल्या आपल्या जुन्या भाड्याच्या घरी नेलं होतं म्हणे. त्यांच्यावर रागावू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा. ही विनंती तुमच्या मुलीची, संशोधकाची नव्हे. म्हणाल तर नोकरी सोडून येते.

लोभ असू द्या, रागासकट.

पद्मजा

छावणी, औरंगाबाद
३० मे २०१५

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मनकर्णाबाई बोलायला लागल्या की नळाची वेळसुद्धा विसरतात, आणि डॉक्टरांकडे जायचं मी.

गेलो. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काढलं. आकडे सगळे एका बाजूला गेले. त्या पोरसवदा डॉक्टरसमोर लाज वाटली, कागद खिशात घालून निघून आलो. हे तुझ्या अभ्यासात लिही, पण माझं नाव घालू नकोस.

नोकरी सोडायची नाही. बापाला सांभाळायला म्हणून आलीस तर मला पाहवणार नाही. कामासकट ये. पुढच्या खोलीला रंग दिला आहे, तिथं कुणाला बसू देत नाही.

प्रस्तावाच्या पानांना तेवढे क्रमांक घाल. आधी लिहिलं की नाही, आठवत नाही.

लोभ आहे, हे मात्र पक्कं आठवतं.

तुझे बाबा

बंगळूर
११ जानेवारी २०१६

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

हा घ्या छापील कागद, संस्थेच्या नावासकट. आता टोमणा नको.

मंजुरी आली. तीन वर्षांची. शेंद्र्याच्या आसपासच्या गावांतून काम सुरू करायचं आहे. मी २९ तारखेला पोचते. राहायला घरीच. दिवाळीपासून तुमचं पत्र नाही. पेन हातात धरून नुसते बसून असता, असं मनकर्णाबाई सांगतात. मग लिहू नका. मी आलेच.

आता लोभ समोर बसून घेईन.

डॉ. पद्मजा (तुमच्याच हट्टामुळे सही अशी)

छावणी, औरंगाबाद
ता.

मा. डॉक्टरबाई यांस स. न. वि. वि.

आपल्या संस्थेच्या कागदावरचं पत्र मिळालं. कामासाठी आमच्याकडे उतरणार असल्याचं कळलं. अवश्य यावं. आपलं नाव माझ्या मुलीचंच आहे, वाचून बरं वाटलं.

एक अडचण आधीच कळवतो. पुढची खोली देता येणार नाही. ती मुलीसाठी ठेवली आहे. दिल्लीची मंजुरी आली की ती यायची आहे. आपली सोय मागच्या खोलीत करतो. मनकर्णाबाईंच्या हाताला चव आहे.

दिल्लीत आपली ओळख असल्यास तिच्या अर्जाकडे लक्ष द्यायला सांगावं. मुलगी हुशार आहे, फक्त पानांना क्रमांक घालायचे विसरते. फार उशीर होऊ नये. मला हल्ली माणसं ओळखायला वेळ लागतो. ती दारात येईल तेव्हा तसं व्हायला नको.

आपला परिचय नाही, तरी लोभ असावा.

आपला नम्र,
व्यंकटराव