उजव्या हातातलं कणीस

म्पालाले, देद्झा
२३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

प्रभूच्या नावात सलाम. आम्ही इथे बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. मामींचा गुडघा कसा आहे? त्या ऐकणार नाहीत, पण विहिरीवर दुसऱ्या कुणाला तरी पाठवत जा म्हणावं.

जवळजवळ वर्षभराने माझं पत्र बघून दचकू नका, कुणी मेलेलं नाही. फोन केला असता, पण आमच्या चर्चच्या मंडळीत आता कुणाकडेच फोन नाहीत. सगळे गोळा करून एका गोणीत घातले आणि गोणी पाळक ग्रेशमच्या घरी ठेवली. शेवटच्या दिवसांत जगाशी बोलून काय करायचंय, असं ते म्हणतात. टोमॅटोवाली मोनिका तुमच्या बाजाराला येते, तिच्या टोपलीत हे पत्र घालतेय. डाग पडले तर टोमॅटोचे समजा.

तुमच्याकडे पाऊस लागला का? इथे चांगला दोनदा झाला. तुम्ही किती पेरलंत? यंदाही तुमचं ते जुनं पांढरं बियाणंच लावलंत, की मुलांनी ऐकवून ऐकवून दुकानातलं आणायला लावलं? स्वयंपाकघरात धुरावर टांगलेली तुमची ती कणसं माझ्या डोळ्यांसमोर येतात. लहानपणी त्यातलं एक भाजून खाल्लं म्हणून तुम्ही मला अख्खा दिवस शेतात उभं केलं होतंत. त्याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते.

आम्ही यंदा पेरलेलं नाही. मंडळीतल्या बावीसही घरांनी पेरलेलं नाही. मक्याचे दाणे भरायच्या आत प्रभू येणार आहे, तसं कळलंय. मग पेरायचं कुणासाठी? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही विश्वासाचं जेवण केलं. प्रत्येकीने घरातलं बियाणं आणलं, मोठ्या पातेल्यात उकडलं आणि सगळ्यांनी मिळून खाल्लं. पाळकांनी सगळ्यात आधी स्वतःचं ओतलं, तेही दोन टोपल्या. त्या माणसात लबाडी नाही मामा, हे आधीच सांगते. तुम्ही लगेच तोंड वाकडं कराल, मला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही असं प्रभूच म्हणाला. आम्हीही तेच पुस्तक वाचतो. पाळक म्हणतात, दिवस ठाऊक नाही पण हंगाम ओळखता येतो, अंजिराला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळतंच ना? तुमच्याशी वाद घालायला मला सवड नाही.

तुमचा जावई सावुलोसी बरा आहे. जेवतो. पूर्वीसारखा हसतोसुद्धा. आमची पोर तियामिके गेल्यावर हा माणूस आठ महिने जेवायला बसवला तर बसायचा आणि उठवला तर उठायचा, तेव्हा तो हसतो हीच मोठी गोष्ट आहे.

बाकी विशेष काही नाही. तुम्हाला कधी इकडे यावंसं वाटलं तर या. सहज. पेरणीतून सवड काढून नाताळच्या आधी आलात तर बरं होईल.

तुमची भाची,
एनेलेसी


४ डिसेंबर

प्रिय मामा,

सलाम. तुमचं उत्तर मिळालं. मोनिकाने ते पालेभाजीच्या जुडीत बांधून आणलं आणि मी सगळ्यांसमोर त्या जुडीचा भाव करत बसले.

तुम्ही लिहिलंत, "पोरी, सहज कुणी मला पेरणीच्या दिवसांत बोलावत नाही. तुझ्या लग्नात मी न्खोस्वे म्हणून, तुझी जबाबदारी घेणारा म्हणून, उभा राहिलो, सावुलोसीने कोंबडा देऊन माझ्याकडून परवानगी घेतली तेव्हा तुला त्याच्या गावी जाऊ दिलं. तुला परत आणायचं झालं तर तेही मीच करायचं, दुसऱ्याला तो हक्क नाही. पण तक्रार काय ते कळल्याशिवाय मी अंगणात येऊन बसू कसा? तो मारतो का? दुसरी आणलीय का?"

नाही मामा. तो मारत नाही, दुसरी आणलेली नाही. तसं काही असतं तर सोपं होतं.

पोट बिघडलंय असं सांगून न्हाणीच्या आडोशाला बसून लिहितेय. बाहेर दोघीजणी उभ्या आहेत. नदीवर, सरपणाला, कुठेही गेले तरी दोघी बरोबर असतात. पहारा नाही हो, मान आहे. माझ्या हातातली घागरसुद्धा त्या काढून घेतात. इथे मला आता कुणी तियामिकेची आई म्हणत नाही. स्वप्नाची आई म्हणतात.

कारण ते स्वप्न माझं आहे, मामा. दाणे भरायच्या आत प्रभू येणार हे माझ्या तोंडून निघालं.

आणि मला असं कुठलंही स्वप्न पडलं नव्हतं.

लिहिलं एकदाचं. अक्षर लागलं नाही तर मामींकडून वाचून घ्या. नको, मामींना दाखवू नका.

असं झालं. ऑगस्टमध्ये सावुलोसीने तीन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी मक्याच्या पिठाची न्सिमा केली, वाळकी मासळी केली, त्याच्या आईने विनवलं, काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, मला काल तियामिके दिसली. तो वळला. तीन दिवसांत पहिल्यांदा वळला. मग मी बोलतच गेले. म्हटलं, हिरव्यागार मक्यात उभी होती, पिवळा फ्रॉक घातला होता, उजव्या हातात कोवळं कणीस होतं. म्हणाली, आई, ह्याचे दाणे भरायच्या आत आपण भेटू, बाबाला सांग. त्याने विचारलं, "ती खोकत होती का?" मी म्हटलं, नाही, अजिबात नाही. तो उठून बसला आणि दोन गोळे न्सिमा खाल्ली.

तुम्ही असता तर काय केलं असतंत? खरं सांगा, वडीलमंडळींसारखं नको.

मला वाटलं, हे आमच्या दोघांत राहील. पण त्या रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळी तो उभा राहिला आणि रडत रडत सगळं सांगितलं. पाळकांनी मला पुढे बोलावलं. "एनेलेसी, हे खरं का?" दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि सावुलोसी पहिल्या बाकावर हसत होता. मी हो म्हटलं. एवढं एकच अक्षर मी बोललेय, बाकीचं सगळं त्या अक्षरावर लोकांनी बांधलं. दाणे मार्चमध्ये भरतात, म्हणजे मार्चच्या आत. मग जो पेरेल त्याचा विश्वास नाही. मग विश्वासाचं जेवण. मीही त्या पातेल्यातलं खाल्लं, मामा. तुमच्याच बियाण्याचं होतं ते, लग्नात मामींनी माझ्या टोपलीत घातलेलं, दर वर्षी राखून ठेवलेलं.

तियामिकेला पुरलं त्या दिवशी तुम्ही म्हणालात, देवाचं राज्य पिठातल्या खमिरासारखं आहे, दिसत नाही पण चढत असतं, धीर धर. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुमच्या देवाला घाई नाही, पण माझ्या पोरीला होती. त्यानंतर मी तुमचं तोंड बघितलं नाही. तुमचा तो सावकाश येणारा प्रभू मला नकोच होता, मला लगेच येणारा हवा होता. मिळाला. आता तो मार्चमध्ये येणार नाही, हे ह्या गावात मला एकटीला माहीत आहे.

जानेवारीत कोठारं रिकामी होतील. फेब्रुवारीत लेकरं आंब्याच्या कोयी उकडून खातील. नाताळपर्यंत लवकर येणारं बियाणं लावता येईल, पुढे तेही नाही. खरं सांगितलं तर वाचतील. पण मग सावुलोसीची पोर दुसऱ्यांदा मरेल आणि ह्या वेळी माझ्या हातून. मी रोज सकाळी ठरवते आणि रोज तो उठल्या उठल्या विचारतो, "आता किती दिवस राहिले गं?"

मला घेऊन चला. मामींची तब्येत बिघडली म्हणा, काहीही म्हणा. तुम्ही अंगणात बसून "माझी भाची मला द्या" म्हटलंत की इथला गावप्रमुखही आडवा येणार नाही. तिथे आले की मी एक शब्द बोलणार नाही, तुमची भांडी घाशीन.

बाहेरच्या दोघी हाका मारतायत. येऊन मला घेऊन जा.

एनेलेसी


१२ डिसेंबर, गुरुवार

प्रिय मामा,

सलाम.

येत्या रविवारी न्यायला येतो म्हणालात, रागावला नाहीत, "तिथून पोरीला आधी बाहेर काढू, मग बघू" असं मामी म्हणाल्या तेही लिहिलंत. म्हणजे दाखवलंतच त्यांना. असो. पण खाली जी एक ओळ घातलीत ती नसती घातली तर चाललं असतं. "तू येशील, पण बाकीची एकवीस घरं कुणाच्या न्खोस्वेला बोलावणार?" चार दिवस ती ओळ दाताखाली खड्यासारखी येतेय. तुम्ही तसेच आहात, लहानपणी शेतात उभं करणारे.

काल सकाळी सावुलोसी आमच्या मोकळ्या शेताच्या बांधावर बसला होता. तण गुडघ्यापर्यंत आलंय. मी त्या दोघींना म्हटलं, नवऱ्याशी बोलायचंय, जरा लांब थांबा. त्या हसत हसत लांब गेल्या. मी त्याच्या शेजारी बसले आणि सांगितलं. एका दमात, खाली मान घालून. मला काही दिसलं नव्हतं. तू जेवावास म्हणून बोलले.

त्याने मूठभर तण उपटलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"तियामिके डावखुरी होती. तुझी मामी जेवताना तिच्या हातावर चापट मारायची तरी चमचा डाव्याच हातात जायचा. तू उजव्या हातात कणीस सांगितलंस."

मामा, मी तिची आई. नऊ महिने पोटात आणि पाच वर्षं पाठीवर वागवलेली पोर, आणि मी तिचा हात चुकले.

मी विचारलं, तेव्हाच कळलं? तो म्हणाला, "तेव्हाच." मग उभा राहून सगळ्यांना का सांगितलंस? तर म्हणतो, "चारचौघांत सांगितलं की खरं होईल असं वाटलं. दीडशे माणसं आमेन म्हणाली ना. मग मलाही वाटायला लागलं." आणि तो रडायला लागला. खरं रडला, पुरल्यानंतर पहिल्यांदा. ज्या दिवसाला मी एवढी भीत होते तो हाच. आम्ही दोघंही एकमेकांना सांभाळत बसलो आणि त्यात बावीस घरांचं बियाणं गेलं.

मग डोळे पुसून त्याने विचारलं, "पण तो येणार ना, कधीतरी? ती दिसणार ना?"

मी म्हटलं, येणार. तियामिके दिसणार. कधी ते मला माहीत नाही, पाळकांना नाही, मामांनाही नाही.

"तोवर काय करायचं?"

मी त्याच्या हातातल्या तणाकडे बोट दाखवलं.

रविवारी साक्षीच्या वेळी आम्ही दोघं उभे राहणार आहोत. तो म्हणतो आधी मी बोलणार, कारण पहिल्यांदा उभा मी राहिलो. मी म्हणते मी बोलणार. त्यावरून आज सकाळपासून भांडतोय, बरं वाटतंय. लोक काय करतील सांगता येत नाही. पाळक ग्रेशमचं मला फार वाईट वाटतं, त्यांची दोन लेकरं त्या टेकडीखाली पुरलेली आहेत. कुणी दगड मारील, कुणी मला चेटकीण म्हणेल. सावुलोसीची आई घरात घेणार नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण आता दाराबाहेरच्या त्या दोघींची वाटत नाही.

म्हणून रविवारी मला न्यायला येऊ नका, मामा. तरी या. साक्ष सुरू व्हायच्या आत या, आणि एकटे येऊ नका. तुमच्या मंडळीला सांगा, घरटी एक टोपली बियाणं द्या, तुमचं ते जुनं पांढरं आणि ज्यांच्याकडे लवकर येणारं असेल त्यांचं ते. कांद्याचा ट्रक सकाळी तुमच्या फाट्यावरून निघतो, त्याच्यावर चढवा. बावीस घरं आहेत, लक्षात ठेवा. अंगणात बसायचं झालं तर ह्या वेळी त्या सगळ्यांचे न्खोस्वे म्हणून बसा. मी तुमची भांडी घाशीन म्हणाले होते, तेवढंच मागे घेते. मला इथे पेरायचंय.

फार मागतेय, माहीत आहे. तुम्ही मला एकदा भाजलेल्या एका कणसासाठी अख्खा दिवस उभं केलं होतंत. रविवारी मी बावीस घरांच्या बियाण्यासाठी उभी राहणार आहे. तुम्ही दिसाल अशा ठिकाणी बसा.

तुमची,
तियामिकेची आई